एकाच्या फोनवर चालतं, दुसऱ्याच्या नाही: स्मार्ट उपकरणं घरात सगळ्यांना वापरायला देताना वारंवार येणारी अडचण

तक्रार साधारण अशी असते. घरातल्या एकाच्या फोनवर दिवे, कॅमेरा, दाराचं कुलूप सगळं नीट चालतं. दुसऱ्याच्या फोनवर तीच उपकरणं ऑफलाइन दिसतात, नाहीतर दिसतच नाहीत. कोणीतरी वैतागून दिवा रीसेट करतं आणि आपल्या फोनवर नव्याने जोडतं. आता त्याचं चालू, पहिल्याचं बंद. मग पहिला परत रीसेट करतो. मधेच कोणीतरी पासवर्ड बदलतं, सगळ्यांचे फोन लॉगआउट होतात, आणि ओटीपी नेमका अशा माणसाच्या नंबरवर जातो जो त्या वेळी फोन उचलत नाही.

हे चक्र थांबत नाही, कारण दुरुस्ती भलत्याच जागी चालू असते. दिवा ठीक असतो, राउटरही बहुतेक वेळा ठीकच असतो. गोंधळ असतो तो खात्यांचा. काही घरांत एकच खातं आणि एकच पासवर्ड सगळ्यांच्या फोनवर फिरतो. काही घरांत याच्या उलट, प्रत्येकाने आपापलं खातं काढून हाताला लागेल ते उपकरण स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं. म्हणून रीसेटच्या बटणाला हात लावण्याआधी एवढंच शोधा: हे उपकरण आत्ता कोणाच्या नावावर आहे?

एका उपकरणाच्या तीन नोंदी

वाय-फायवरचा साधा बल्बसुद्धा तीन ठिकाणी नोंदलेला असतो. पहिली नोंद राउटरमध्ये, म्हणजे कोणत्या नेटवर्कवर तो आहे. दुसरी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे कोणत्या खात्याला तो बांधलेला आहे. तिसरी गूगल होम, ॲपल होम किंवा ॲलेक्सा या सगळी उपकरणं एकत्र चालवणाऱ्या व्यवस्थेत, जिथे कंपनीचं खातं नंतर जोडलं जातं. या तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या असतीलच असं नाही. मुलाने दिवा स्वतःच्या खात्यावर बसवला, वडिलांनी स्पीकर त्यांच्या खात्यावर सुरू केला, आणि कंपनीचं खातं स्पीकरला जोडताना तिसऱ्याच कोणाचं लॉगिन टाकलं, अशी घरं सर्रास असतात. मग 'दिवा लाव' म्हटल्यावर स्पीकर 'असं उपकरण सापडत नाही' म्हणतो आणि सगळे दिव्याकडे संशयाने बघतात.

रीसेट केलं की पहिली नोंद पुसली जाते आणि उपकरण नव्याने जोडायला तयार होतं. दुसरी नोंद पुसली जाईलच याची खात्री नाही. बऱ्याच कंपन्या जुन्या मालकाने ॲपमधून काढल्याशिवाय उपकरण दुसऱ्या खात्यावर घेऊ देत नाहीत. चोरीला गेलेला कॅमेरा दुसऱ्याला वापरता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. तिसरी नोंद तर तशीच राहते. स्पीकरच्या यादीत 'हॉलचा दिवा' एकदा जिवंत आणि एकदा मेलेला असा दोनदा दिसतो, तो यामुळेच.

कोणत्या थरात बिघाड आहे ते कसं ओळखायचं

ज्याच्या फोनवर चालत नाही त्याचा फोन हातात घ्या आणि घरातच बसून एक साधी चाचणी करा. आधी फोन घरच्या वाय-फायवर ठेवून उपकरण चालवा. मग वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच करा.

वाय-फायवर चालत नाही पण डेटावर चालतं, असं असेल तर खातं ठीक आहे. अडचण घरच्या नेटवर्कमध्ये किंवा फोनच्या परवानग्यांमध्ये आहे. उलट, वाय-फायवर चालतं पण डेटावर नाही, तर त्या माणसाला बाहेरून चालवण्याची परवानगी नाही, किंवा बाहेरची आज्ञा आत पोचवणारा हब घरात नाही. दोन्हीकडे उपकरण यादीतच नसेल तर प्रश्न खात्याचा आहे. आणि उपकरण सगळ्यांच्याच फोनवर ऑफलाइन दिसत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि भिंतीवरचं बटण बघा. स्मार्ट बल्ब ऑफलाइन जाण्यामागे कोणीतरी सवयीने बटण बंद केलेलं असणं, हे कारण बाकी सगळ्या कारणांना पुरून उरतं. भिंतीवरच्या बटणाची आणखी एक खोड आहे. अनेक वाय-फाय बल्ब ते तीन ते पाच वेळा भराभर चालू-बंद केलं की जोडणीच्या अवस्थेत जातात. लहान मूल बटणाशी खेळलं की दिवा लुकलुकायला लागतो आणि घरातून 'हरवतो'. असं वारंवार होत असेल तर त्या जागी स्मार्ट बल्बऐवजी स्मार्ट स्विच बसवणं शहाणपणाचं. हाताने दाबणाऱ्यालाही चालतं, फोनवाल्यालाही.

वाय-फायवर अडतंय

इथे तीन संशयित आहेत.

पहिला, गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय. अनेक राउटरवर गेस्ट नेटवर्कवरच्या यंत्रांना मुख्य नेटवर्कवरची यंत्रं दिसत नाहीत, आणि तेच अपेक्षित आहे. पण मग फोन एका नेटवर्कवर आणि उपकरण दुसऱ्यावर असेल तर निकाल उपकरणाच्या जातीवर ठरतो. कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणारा बल्ब तरीही चालतो, कारण फोन आणि बल्ब दोघंही इंटरनेटपर्यंत पोचतात. थेट घरातल्या घरात बोलणारी उपकरणं, म्हणजे टीव्हीवर कास्ट करणं, ॲपल होममधली किंवा मॅटरची (या मानकाबद्दल पुढे) उपकरणं, ती मात्र सापडत नाहीत. त्यामुळे 'दिवे चालतात पण टीव्ही दिसत नाही' असं कोणी म्हटलं की त्याचा फोन कुठल्या नेटवर्कवर आहे ते आधी पाहा. काही राउटरवर मुख्य नेटवर्कलाही यंत्रं एकमेकांपासून तोडणारी सेटिंग असते. तिचं नाव एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन असतं.

दुसरा, फोनच्या परवानग्या. आयफोनवर आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला 'लोकल नेटवर्क'ची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारल्यावर घाईत 'नको' दाबलं गेलं तर ते ॲप पुन्हा विचारत बसत नाही, नुसतं उपकरण सापडत नाही म्हणतं. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथने जवळची उपकरणं शोधण्यासाठी 'निअरबाय डिव्हाइसेस'ची परवानगी आहे. एकाच घरात एकाच ॲपची वागणूक दोन फोनवर वेगळी असेल तर हे तपासायला मिनिटभरही लागत नाही.

तिसरा, व्हीपीएन, म्हणजे फोनचा प्रवाह दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारी सोय. ऑफिसच्या कामासाठी लावलेलं व्हीपीएन चालू राहिलं की फोनचा सगळा प्रवाह बोगद्यातून बाहेर जातो आणि शेजारच्या खोलीतलं उपकरण दिसेनासं होतं.

यादीतच नाही: खात्याचा घोळ

आता मूळ दुखण्याकडे. उपाय सगळीकडे एकच आहे आणि तो टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो: एका माणसाचं खातं मालकाचं, आणि बाकी प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं खातं, त्याला आमंत्रण पाठवून जोडलेलं. पासवर्ड सांगणं सोपं वाटतं, कारण दोन मिनिटांत काम होतं. पण एकाच खात्यावर सगळे असतील तर कोणी काय केलं ते नोंदीत कळत नाही, एकाला काढायचं तर सगळ्यांना काढावं लागतं, आणि त्या खात्यात कॅमेऱ्याची जुनी चित्रणं, पत्ता, कधीकधी पैसे भरण्याचं कार्डही असतं. शिवाय तो पासवर्ड जितक्या फोनवर, जितक्या चॅटमध्ये पडून असेल तितकी गळती. काही कॅमेरा ॲप तर एकाच खात्याने दुसरीकडे लॉगिन केलं की पहिल्या फोनला बाहेर काढतात; 'रोज आपोआप लॉगआउट होतं' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

मालक कोणाला करायचं? घरात जो तांत्रिक बाबतीत सगळ्यात उत्साही असतो तो आपोआप मालक होतो. माझ्या मते हा निकष तितका बरोबर नाही. जो त्या घरात सगळ्यात जास्त काळ राहणार आहे, ज्याचा फोन नंबर आणि ईमेल बदलणार नाही, तो मालक. शिकायला बाहेरगावी जाणाऱ्या मुलाच्या खात्यावर आजीच्या खोलीतले दिवे असले, की तो गेल्यावर प्रत्येक छोट्या बदलासाठी फोनाफोनी. उत्साही माणसाला ॲडमिन करा. काम तोच करेल, नाव मात्र दुसऱ्याचं राहील.

आमंत्रणाची जागा प्रत्येक ॲपमध्ये वेगळी आहे आणि अधिकारही.

स्मार्ट लाइफ आणि तुया यांच्या ॲपमध्ये (अनेक कंपन्यांची वाय-फाय उपकरणं यांवरच चालतात) 'होम मॅनेजमेंट' आहे. तिथे घराचा मालक, ॲडमिनिस्ट्रेटर आणि साधा सदस्य अशा तीन पायऱ्या आहेत. साध्या सदस्याला उपकरण चालवता येतं, जोडता-काढता येत नाही. घरातल्या बहुतेकांना तेवढंच पुरतं. याच ॲपमध्ये घराऐवजी एखादंच उपकरण शेअर करण्याचीही सोय आहे. बाहेरच्या माणसाला फक्त फाटकाचं बटण द्यायचं असेल तर ती वापरा, संपूर्ण घरात त्याला आणू नका. कितीही डोकं खाजवलं तरी न सुटणारी इथली एक गाठ म्हणजे प्रदेश. खातं उघडताना जो देश निवडला, त्यावरून ते कोणत्या डेटा सेंटरमध्ये जाणार हे ठरतं, आणि वेगळ्या डेटा सेंटरमधल्या खात्यांत शेअरिंग होत नाही. परदेशात असताना खातं उघडलेल्या बहिणीला आमंत्रण पाठवलं की 'असं खातं अस्तित्वात नाही' असा निरोप येतो, आणि ती तर समोर ॲप उघडून बसलेली असते. शाओमीच्या 'मी होम' ॲपमध्येही हाच प्रकार: सर्व्हरचा प्रदेश दोघांचा सारखा नसेल तर उपकरण दिसत नाही. उपाय म्हणजे तिने योग्य देश निवडून नवं खातं उघडणं. दुसरी वाट शोधण्यात वेळ घालवू नका.

गूगल होममध्ये पूर्वी आमंत्रण दिलेल्या प्रत्येकाला मालकाइतकेच अधिकार मिळत. आलेला पाहुणाही तुमची उपकरणं काढून टाकू शकत असे. आता ॲडमिन आणि मेंबर असे दोन प्रकार आहेत, आणि मेंबरला सेटिंग बदलू द्यायचं का, घरातल्या हालचालींची नोंद बघू द्यायची का, हे वेगळं ठरवता येतं. जुनं घर असेल तर एकदा यादी उघडून पाहा. तेव्हा जोडलेले सगळे ॲडमिन म्हणूनच बसलेले असण्याची शक्यता आहे. रूटीनचेही, म्हणजे एका आज्ञेवर किंवा ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांच्या साखळीचेही, इथे दोन प्रकार आहेत: वैयक्तिक आणि घराचं. एकाने बनवलेलं 'झोपायची वेळ' दुसऱ्याच्या तोंडून चालत नसेल तर ते बहुधा वैयक्तिकमध्ये आहे. घराच्या रूटीनमध्ये नव्याने बनवा.

ॲपल होममध्ये आमंत्रित माणसाच्या नावावर टिचकी मारली की दोन परवानग्या दिसतात: बाहेरून चालवणं, आणि उपकरणं जोडणं-बदलणं. 'घरी चालतं, बाहेर नाही' यातली निम्मी प्रकरणं पहिल्या परवानगीवर सुटतात. उरलेली होम हबवर. हब म्हणजे घरातच राहणारा होमपॉड किंवा ॲपल टीव्ही. तो नसेल तर बाहेरून काही चालणार नाही आणि ऑटोमेशन, म्हणजे आपोआप चालणारे नियम, तेही चालणार नाहीत. पूर्वी आयपॅडही हबचं काम करायचा, पण होमची रचना नव्या पद्धतीची केल्यावर तो चालत नाही. त्या नव्या रचनेचा आणखी एक फटका घरातल्या जुन्या फोनला बसतो. आयओएस १६.२ पेक्षा जुनी आवृत्ती असलेल्या फोनवर असं घर उघडतच नाही. मालकाने एका रात्री 'अपग्रेड' दाबलं आणि सकाळी आईच्या जुन्या आयफोनवरून सगळं गायब, ही घटना या खात्यात जमा करा.

ॲलेक्साची गोष्ट जरा वेगळी. तिथे स्पीकर आणि त्याला जोडलेली उपकरणं एका ॲमेझॉन खात्याला बांधलेली असतात, त्यामुळे घरात सगळ्यांच्या फोनवर तेच खातं उघडण्याचा मोह होतो. त्याच खात्यावर खरेदी होते आणि आवाजी आज्ञांचा इतिहासही तिथेच दिसतो, हे विसरू नका. बोलून दिवे लावण्यासाठी फोनवर खातं असण्याची गरजच नाही. दिव्यांसाठी कंपनीचं ॲप प्रत्येकाला आमंत्रणाने द्या, आणि ॲलेक्साचं ॲप मालकाच्याच फोनवर राहू द्या. आवाजी खरेदी बंद करा किंवा तिला पिन लावा. दाराचं कुलूप बोलून उघडताना ॲलेक्सा पिन मागते. तो पिन पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हटला जाणार आहे, तेव्हा दुसऱ्या कशाचा पिन तिथे वापरू नका.

होम असिस्टंट, म्हणजे घरातल्याच संगणकावर चालवायचं स्मार्ट घराचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांना एक इशारा. घरातल्यांना ॲडमिन नसलेलं खातं दिलं आणि त्यांच्या डॅशबोर्डवरून, म्हणजे उपकरणांची बटणं दाखवणाऱ्या पानावरून, कॅमेरा काढला, म्हणजे कॅमेरा बंद झाला असं नाही. डॅशबोर्ड लपवणं ही सोय आहे, कुलूप नाही. ॲडमिन नसलेल्या वापरकर्त्यालाही बाकीच्या गोष्टींपर्यंत पोचता येतं. ज्याला घराबाहेरून प्रवेश द्यायचा नाही त्याच्या खात्यावर 'फक्त स्थानिक नेटवर्कवरूनच लॉगिन' हा पर्याय मात्र खरोखर काम करतो.

दोन ॲपच्या भांडणात मॅटर

घरात निम्मे आयफोनवाले आणि निम्मे अँड्रॉइडवाले असतील तर मॅटर नावाचं मानक उपयोगी पडतं. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. यात एकच उपकरण एकाच वेळी अनेक व्यवस्थांचं सदस्य होऊ शकतं. प्रत्येक व्यवस्थेला फॅब्रिक म्हणतात आणि मानकानुसार उपकरणाने किमान पाच फॅब्रिक सांभाळले पाहिजेत. म्हणजे तोच प्लग ॲपल होममध्येही आणि गूगल होममध्येही, कोणीही कोणाला बाहेर न काढता.

अडचण येते ती दुसऱ्यांदा जोडताना. लोक उपकरणावर छापलेला कोड पुन्हा स्कॅन करतात आणि तो चालत नाही. तो छापील कोड कोऱ्या उपकरणासाठी असतो. एकदा जोडलेल्या उपकरणाला दुसऱ्या व्यवस्थेत न्यायचं तर आधीच्या ॲपमध्ये जाऊन जोडणीची अवस्था चालू करावी लागते. तेव्हा ते ॲप नवा अकरा अंकी कोड देतं आणि जोडणीची खिडकी जास्तीत जास्त १५ मिनिटं उघडी राहते. तेवढ्यात दुसऱ्या फोनवर कोड टाकायचा. वेळ गेली तर परत नवा कोड काढा. आणि इथेही रीसेटचा मोह टाळा, कारण फॅक्टरी रीसेटने सगळेच फॅब्रिक पुसले जातात. उलट, एका ॲपमधून उपकरण काढलं तर ते बाकीच्या ॲपमधून जात नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: माणूस घर सोडून गेला, तुम्ही तुमच्या ॲपमधून त्याचं नाव काढलं, पण त्याने स्वतःच्या वेगळ्या व्यवस्थेत तो प्लग जोडून ठेवला असेल तर तो जोड शाबूत आहे. उपकरणाच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या व्यवस्थांची यादी बघा आणि अनोळखी असेल ती काढा.

कॅमेरा आणि कुलूप यांना वेगळा न्याय

दिवा चुकीच्या हातात गेला तर फार तर चिडचिड होते. कॅमेरा आणि कुलूप यांचं तसं नाही, म्हणून ही दोन उपकरणं बाकीच्यांबरोबर एका फटक्यात शेअर करू नका. ॲपमध्ये 'सगळी उपकरणं' असा पर्याय समोर येतो तेव्हा त्या दोघांवरची खूण काढा आणि नंतर विचार करून, माणूस बघून द्या.

कॅमेरा शेअर केल्यावर समोरच्याला नाव दिसतं पण चित्र येत नाही, पासवर्ड मागितला जातो, अशी तक्रार नेहमीची आहे. काही कंपन्या चित्रणाला वेगळा एन्क्रिप्शनचा कोड लावतात आणि तो सुरुवातीला कॅमेऱ्याच्या लेबलवर छापलेला असतो. शेअरिंगबरोबर तो कोड जात नाही, वेगळा सांगावा लागतो. लेबलवरचाच कोड अजून चालू असेल तर आधी तो बदला. कॅमेऱ्याजवळ उभा राहणारा कोणीही तो वाचू शकतो. चित्र अधूनमधून तुटत असेल तर एकाच वेळी किती जण बघताहेत ते विचारा. स्वस्तातले कॅमेरे एका वेळी मोजक्याच प्रेक्षकांना पुरे पडतात.

आतल्या खोलीतल्या कॅमेऱ्याबद्दल घरात बोलणं व्हायलाच हवं. कोण बघू शकतं, जुनं चित्रण कोणाला उघडता येतं, आवाज रेकॉर्ड होतो का, हे तिथे वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. घरकामाला येणाऱ्या व्यक्तीलाही. मालकाच्या खात्याला दिसणारी नोंद ही पाळत होऊ शकते, आणि ॲप ते सांगत नाही.

कुलुपासाठी प्रत्येकाला वेगळा कोड द्या, कोणाला किती वेळ यायचं ते ठरवून. रोज ठरावीक वेळी येणाऱ्याला आठवड्याचे वार आणि तास बांधून देता येतात, एकदाच येणाऱ्याला एकवेळचा कोड. सगळ्यांना एकच कोड दिला तर नोंदीत फक्त 'दार उघडलं' एवढंच उरतं. घोटाळा होतो तो कोड काढताना. ब्लूटूथवर चालणाऱ्या आणि गेटवे (कुलुपाला इंटरनेटशी जोडणारी डबी) नसलेल्या कुलुपाला ॲपमधला बदल दुरून कळतच नाही. ॲपमध्ये नाव पुसलं तरी कळफलकावरचा कोड चालू राहू शकतो, कोणीतरी फोन घेऊन कुलुपाजवळ जाऊन बदल पोचवेपर्यंत. म्हणून कोड काढल्यावर स्वतः दाबून बघा. उघडलं तर अजून काढलेला नाही.

आजी घरात असताना दिवे का विझतात

ही तक्रार मजेदार वाटते, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अंधारात बसवते. 'सगळे बाहेर गेल्यावर दिवे बंद' हे ऑटोमेशन माणसं मोजत नाही, फोन मोजतं. तेही फक्त घरात सदस्य म्हणून नोंदलेले आणि लोकेशनची परवानगी दिलेले फोन. आजीकडे साधा फोन असेल, किंवा तिच्या फोनवर लोकेशन बंद असेल, तर बाकीचे बाहेर पडताच घर 'रिकामं' होतं. याचा उलटा प्रकारही होतो: घर सोडून गेलेल्या एखाद्या सदस्याचा फोन मोजणीत राहतो आणि हिशेब कायमचा चुकतो.

एकाच खात्यावर दोन फोन असतील तर हे ऑटोमेशन विश्वासाचं राहत नाही, कारण व्यवस्थेच्या लेखी तो एकच माणूस दोन ठिकाणी असतो. स्वतंत्र खात्यांचा आग्रह धरण्यामागे हेही कारण आहे. जिथे कोणीतरी बिनफोनचं घरात असतं, तिथे फोनवर आधारित 'बाहेर गेले' वापरूच नका. हालचाल ओळखणारा सेन्सर लावा किंवा बाहेर जाताना हाताने बटण दाबा.

माणूस घर सोडून जातो तेव्हा

खोली सोडणारा मित्र, नोकरी बदललेली मदतनीस, तुटलेलं नातं. कारण काही असो, नुसता पासवर्ड बदलून काम होत नाही. २०१८ मध्ये रिंग कंपनीच्या कॅमेरावाल्या डोअरबेलबाबत अशी बातमी आली होती की पासवर्ड बदलल्यानंतरही आधीपासून लॉगिन असलेल्या फोनवर चित्र दिसत राहत होतं. आता बऱ्याच ॲपमध्ये 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' असा वेगळा पर्याय आहे. पासवर्ड बदलल्यावर तो दाबायचाच.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी मालकाच्या खात्याचा ईमेल आणि फोन नंबर तुमचाच आहे ना ते बघा, कारण पासवर्ड पुन्हा मिळवण्याची वाट तिथून जाते. मग पासवर्ड, सगळीकडून लॉगआउट, दोन टप्प्यांची पडताळणी. त्यानंतर प्रत्येक ॲपमधली सदस्यांची यादी. मग जोडलेल्या सेवा: तुमचं कंपनीचं खातं गेलेल्या माणसाच्या स्पीकरला जोडलेलं असेल तर ती जोडणी स्वतःच्या परवान्यावर चालते आणि पासवर्ड बदलून ती तुटेलच असं नाही. मग कुलुपाचे कोड. सगळ्यात शेवटी वाय-फायचा पासवर्ड, कारण तो बदलला की घरातलं प्रत्येक उपकरण पुन्हा जोडावं लागतं. इथे थोडं नियोजन कामी येतं: सुरुवातीपासून पाहुण्यांना आणि भाडेकरूंना गेस्ट नेटवर्कच दिलं असेल तर फक्त तेवढाच पासवर्ड बदलायचा.

एका परिस्थितीत मात्र हा क्रम घाईने लावू नका. घरातला कोणी स्मार्ट उपकरणांनी दुसऱ्यावर पाळत ठेवत असेल, दिवे-तापमान दुरून बदलून छळत असेल, तर त्याचा प्रवेश अचानक तोडल्यावर त्याला ते लगेच कळतं आणि धोका वाढू शकतो. असे प्रकार घडतात हे न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्येच पुढे आणलं होतं. आधी विश्वासाच्या माणसाशी किंवा कौटुंबिक हिंसाचारावर काम करणाऱ्या संस्थेशी, त्याला माहीत नसलेल्या फोनवरून बोला आणि नोंदींचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. आयफोनवर आयओएस १६ पासून 'सेफ्टी चेक' नावाची सोय आहे. कोणाला काय शेअर केलेलं आहे ते तिथे एकत्र दिसतं आणि थांबवताही येतं.

ओटीपी एकाच्याच फोनवर जातो

दोन टप्प्यांची पडताळणी लावल्यावर घरातले कुरकुरतात, कारण एकच खातं सगळे वापरत असतात. प्रत्येकाचं खातं वेगळं झालं की ही कुरकुर आपोआप संपते, प्रत्येकाला आपला ओटीपी आपल्याच फोनवर येतो. मालकाच्या खात्यासाठी मात्र राखीव कोड (ओटीपी मिळत नसेल तेव्हा वापरायचे) काढून कागदावर लिहून ठेवा, आणि तो कागद कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगा. शक्य असेल तिथे दुसरा ॲडमिन नेमून ठेवा. मालकाचा फोन हरवला, नंबर बंद झाला, किंवा तो माणूसच राहिला नाही, तर एकट्या खात्यावरचं घर उघडायला कंपनीच्या मदत केंद्राकडे खरेदीची पावती आणि उपकरणाचा सिरीयल नंबर मागितला जातो. दोन्हींचे फोटो आत्ताच काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा. छतावर बसवलेल्या कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर नंतर शिडी लावून वाचावा लागतो.